बांगड्यांना रकाना नाही

आमच्या शेडमध्ये एखादी बाई सासूच्या नावाने बोटं मोडत असली, तर ती घरच्या सासूच्याच नावाने मोडतेय असं समजायचं कारण नव्हतं. कोपऱ्यातल्या प्रेसचं नावच आम्ही सासू ठेवलं होतं. बाकीचे प्रेस पायाने पट्टी दाबली की खाली यायचे आणि पाय उचलला की वर जाऊन गप्प बसायचे. सासूला मात्र कधीमधी न बोलावता खाली यायची हुक्की यायची. हे नाव ठेवणारी सून कोण ते आठवत नाही, पण तिने नाव अगदी विचार करून ठेवलं होतं.

कारखाना ठाण्याला होता, पत्र्याच्या डब्यांचा. आम्ही बायका कळव्याहून खाडीचा पूल ओलांडून जायचो. आमच्या आज्या-सासवांनी मिठागरात पाय झिजवले, आम्ही पत्र्यात हात घातले, एवढाच काय तो फरक. मी रंगूबाई, झाकणांच्या शेडमधल्या बायकांची नायकीण. नायकिणीचं काम म्हणजे शेडभर फिरायचं, कुणी पेंगतंय का, कुणी बोलतंय का ते बघायचं आणि वरून खाल्लेली बोलणी खाली वाटायची. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. ती तशी नसती तर एवढ्या बायका आणि एवढे प्रेस मला कधीच आवरले नसते.

प्रेसचं काम सोपं असतं. समोर साचा, वर लोखंडाचा जड ठोकळा. साच्यात पत्र्याची चकती ठेवायची, हात काढायचा, पायाने पट्टी दाबायची. ठोकळा धाडकन खाली येतो, चकतीचं झाकण होतं, ठोकळा वर जातो. मग हात घालून झाकण काढायचं आणि नवी चकती ठेवायची. हात आत असताना ठोकळा वरच राहणार, एवढ्या एका भरवशावर आमची बोटं चालायची.

तो भरवसा पहिल्यांदा डळमळला सगुणाच्या हातावर. श्रावणातली गोष्ट. सगुणा चुणचुणीत, दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरलेले. ती झाकण काढायला हात घालते तो ठोकळा थोडासा घसरला. त्याच्या तोंडाशी एक बोल्ट बाहेर आलेला होता. हात आत असला की बोटं खाली आणि मनगट वर असतं, त्यामुळे तो बोल्ट आधी तिच्या बांगड्यांवर टेकला. टचकन आवाज झाला आणि तिने हात मागे ओढला. मग सबंध ठोकळा रिकाम्या साच्यावर कोसळला. पाय पट्टीवर नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी धावत गेले आणि म्हटलं, हात दाखव. सगुणाने हात दाखवला नाही. ती खाली बसून काचा वेचायला लागली. एकेक तुकडा पदरात घेत होती. मी पुन्हा हाताचं विचारलं तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हाताचा काय घेऊन बसलीस, नायकीन? धन्याचा काय होल?"

तिचा नवरा कोपरकडे रेल्वेच्या गँगमध्ये होता. सगुणाच्या डोळ्यांसमोर रूळ आले, इंजिन आलं; समोरचा प्रेस काही आला नाही. आमच्यात हे असंच आहे. बांगडी नवऱ्याच्या आयुष्याची. ती फुटली असं कुणी तोंडाने म्हणत नाही. वाढली म्हणायचं, आणि शक्यतो तेही म्हणायचं नाही. तुकडे पायदळी जाऊ द्यायचे नाहीत. सगुणाने ते फाटकाजवळच्या उंबराखाली, देवीच्या दगडापाशी नेऊन ठेवले. संध्याकाळी टेंभी नाक्यावर काळुराम कासाराकडे नवीन बांगड्या भरल्या, म्हणजे उघड्या हाताने घरी जायला नको, घरच्या सासूने विचारायला नको. पुढे सोमवार धरले ते वेगळंच.

उंबराखाली मी तिच्याबरोबर गेले होते, म्हणून मला तिथला ढीग दिसला. हिरव्या काचा, जुन्या, नव्या, मातीत रुतलेल्या. सासूवर बसलेल्या प्रत्येकीने गुपचूप येऊन आपले तुकडे तिथे ठेवले होते. प्रत्येकीने घरी उपास धरले होते आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याच साच्यात पुन्हा हात घातला होता. सगळ्या मिळून नवऱ्यांना सांभाळत होत्या, आणि एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं.

मला राग आला. कुणाचा ते नीट कळेना, म्हणून मी तो दौलत मिस्त्रीवर काढायला गेले.

दौलत आमच्या शेडचा फोरमन, साताऱ्याकडचा. माणूस वाईट नव्हता, पण वर काही कळवायचं म्हटलं की तो अंग चोरायचा. त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या शेडमध्ये एका माणसाची बोटं पत्रा कापायच्या कातरीत गेली होती. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना उभं करून भाषण दिलं होतं, की आता सरकारचा नवा कायदा आहे, कुणी थोडक्यात वाचलं तरी येऊन सांगा, लपवू नका. मी ते भाषण खरं धरलं होतं. दौलतने धरलं नव्हतं.

त्याने विचारलं, कुणाला लागलं? मी म्हटलं, नाही. रक्त? नाही. बाई घरी बसली? नाही, ती बघा कामावर आहे. तेव्हा तो अपघातांच्या वहीवर हात ठेवून म्हणाला, "मग मी लिवू काय, रंगूबाई? कुनाला लागलं त्याला रकाना हाय, किती दिवस घरी बसला त्याला हाय. बांगड्यांना रकाना न्हाई."

तरी तो आला, सासूवर बसला, पाय मारून बघितला. सासू शहाण्यासारखी खाली गेली, वर गेली. पाहुण्यासमोर कुठली सासू वाईट वागते? त्याने तेल घातलं, ठोकळ्यावर थाप मारली आणि निदान केलं: बायकांच्या हातात ढीगभर बांगड्या, त्या अडकतात, म्हणून फुटतात. उद्यापासून बांगड्या फाटकावर काढून ठेवा.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पण माझं बोलणं तिथेच राहिलं, कारण बायका खवळल्या. सवाष्णीने उघड्या हाताने दिवस काढायचा? मेलो तरी नाही. संपाची भाषा झाली. दौलत घाबरला. आणि त्या गोंधळात कुणीतरी, बहुतेक सगुणानेच, सोपा उपाय काढला. गोदा आहे ना. तिला कुठे बांगड्या आहेत?

गोदा माझी धाकटी जाऊ. माझा दीर गोविंदा तापाने गेला तेव्हा ती पंचविशीची होती, पदरात शालू नावाची लहानगी. मीच तिला कारखान्यात आणलं होतं, ती झाकणं मोजायला बसायची. दौलतला उपाय पसंत पडला. मी भांडले, म्हटलं, जिच्या हातात बांगड्या नाहीत तिला बोटंही नाहीत काय? पण गोदा उठली आणि जाऊन सासूसमोर बसली. तिला वाद नको होता. विधवा बाईला वाद परवडत नाहीत, ती मला नंतर म्हणाली.

त्यानंतर सासूच्या नावाने एक तक्रार आली नाही. उंबराखाली नवी काच दिसेना. दौलत छाती काढून फिरायला लागला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा सासूला सगळ्यांत मोठा झेंडूचा हार त्याने स्वतः घातला आणि मॅनेजरसाहेबांना सांगितलं की साहेब, कारण शोधून काढलं आणि मिटवलं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. आम्हाला पेढे मिळाले.

माझा पेढा मी शालूसाठी पदरात बांधला. सगळं ठीक चाललं होतं आणि मला एक क्षण स्वस्थता नव्हती. शेडच्या दुसऱ्या टोकाला असले तरी कान कोपऱ्यात. प्रेसच्या धडधडीत मी एक आवाज शोधत असायचे, तो टचकन आवाज, आणि तो येत नव्हता म्हणून जीव आणखी खालीवर व्हायचा. एकदा झाडू मारताना घरी कपबशी फुटली तर मी किंचाळले. नवरा त्याच्या आईला म्हणाला, देवीला दाखव हिला.

आणि तशात एका दुपारी भाकरी सोडताना मला ते कळलं. सासूचा ठोकळा आधी घसरायचा आणि मग कोसळायचा. त्या दोन्हींच्या मध्ये बांगडी फुटायची, म्हणूनच सगुणाचा हात बाहेर आला. आता बांगडी नाही, म्हणजे घसरलेला ठोकळा मनगटावरून आवाज न करता जाणार आणि गोदाला कळेल ते बोटांनीच. आम्ही मांजराच्या गळ्यातली घंटा काढून उंदराला सांगितलं होतं, बघ, आता कसं शांत आहे. भाकरी तशीच ठेवून मी उठले आणि दौलतला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि हाराकडे बघत होता. मिटलेलं उकरू नका, एवढंच म्हणाला.

दिवाळी झाली आणि सगुणा एके दिवशी मला बाजूला घेऊन कुजबुजली. तिने गोदाला टेंभी नाक्यावर पाहिलं होतं, काळुरामच्या दुकानात. बांगड्या भरताना.

बाकी काही सांगायची गरजच नव्हती. आमच्यात विधवेला पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करायची, मोकळीक आहे, पण पाट लावून गेली की मूल मागे राहतं. शालू आमच्याच घरची. माझी सासू रखमाबाई, मिठागरात जन्म घालवलेली, मिठासारखीच कडक. तिला नुसता वास लागला असता तरी गोदाचं बोचकं ओट्यावर आलं असतं आणि पोर आत राहिली असती. सगुणाने हे मला एकटीलाच सांगितलं असं म्हटलं, म्हणजे निम्म्या शेडला सांगून झालं होतं.

मी संतापले. कोण असेल? फाटकावरचा, पॅकिंगमधला, की पुलावरचा? मी गोदाची ट्रंक उघडून बघितली. शालूचे फ्रॉक आणि गोविंदाची टोपी, बस. मी काळुरामकडे गेले. तो आधीच खुशीत होता, तुमच्या कारखान्यावर माझं दुकान चालतं म्हणाला. गोदाचं नाव काढल्यावर त्याने आवाज खाली केला. म्हणाला, "मोठ्या मापाच्या मागितल्यान. म्हटलं, बाई, हातातून निसटतील. तं म्हनाली, निसटल्याच पायजेत."

निसटल्या पाहिजेत म्हणजे घरी येताना काढता आल्या पाहिजेत. माझा संशय पक्का झाला. हाताच्या कांकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मागावर राहिले. शेडमागे पत्र्याच्या कातरणाचा ढिगारा असतो, त्याच्या आडोशाला ती गेली. पदरातून बांगड्या काढल्या, हातात घातल्या, पदर पुढे ओढून घेतला. मग इकडेतिकडे बघून आत आली. मी तिचा यार यायची वाट बघत होते. ती सरळ सासूसमोर जाऊन बसली.

दुपारच्या सुट्टीत मी तिला दंड धरून त्याच ढिगाऱ्यामागे नेलं आणि विचारलं, कोण आहे तो? गोदा माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. गोविंदा गेल्यापासून तिला मी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला जास्तच चीड आली. तिने पदराची गाठ सोडली. आत काचा होत्या. हिरव्या नाहीत, साध्या काळ्या.

"ही फोडतं त्या," ती सासूच्या दिशेने मान हलवून म्हणाली. "मी बसल्यापासून किती येला फोडल्यान. पयल्या येला माझ्या हातान काय नव्हता, नख गेला तवा. सगुनाची बांगडी वाजली व्हती, माझा काय वाजलाच नाय. मंग मी इचार केला, आपल्यालाबी वाजाया पायजे."

तिने नख दाखवलं. काळंनिळं होऊन पडलं होतं. घरी तिने खलबत्ता लागला असं सांगितलं होतं आणि मीच त्यावर हळद लावली होती. मोठ्या मापाच्या बांगड्या तिने घेतल्या कारण त्या मनगटावर उभ्या राहतात, बोल्टला आधी लागतात. काढता येतात म्हणूनही, ती म्हणाली, दोन्हींसाठी.

मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. मी या पोरीची ट्रंक उपसली होती, आणि ही रोज चोरासारखी बांगड्या घालून आपली बोटं घरी परत आणत होती. मी म्हटलं, चल, आत्ता साहेबांकडे जाऊ. तिने माझे हात धरले. साहेबांना सांगायचं म्हणजे बांगड्या दाखवायच्या. बांगड्या दाखवल्या की आयला, म्हणजे रखमाबाईला, कळणार. "पोर ठिवून घेल, आनि मना वाट दावंल," ती म्हणाली. "बोटा गेली तं शालूला जवल घेता येल. शालूच गेली तं बोटांचा काय करू?"

मी नुसती फिरत राहिले, शेडमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि प्रत्येक फेरी कोपऱ्यातच संपत होती.

त्याच आठवड्यात सरकारी इन्स्पेक्टर आले. गुप्ते त्यांचं नाव, ठाण्याचेच, बारीक अंगाचे, चष्म्यातून सावकाश बघणारे. आले होते त्या कातरीच्या अपघाताच्या चौकशीला, पण मॅनेजरसाहेबांना आमची शेड दाखवायची हौस. कारण शोधून मिटवल्याचं उदाहरण म्हणून दौलतने सासू दाखवली. सासूच्या गळ्यात सुकलेला हार अजून होता.

गुप्तेसाहेबांनी बायकांना विचारलं, या यंत्रावर कधी कुणाच्या जिवावर बेतलंय का? सगुणा चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होती. कुठल्या तोंडाने सांगणार, आणि परक्या पुरुषासमोर? सांगितलं की ती बांगडी पुन्हा फुटते, नवरा पुन्हा रुळांवर उभा राहतो. मीच तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, हा न दाबता खाली येतो, बायकांच्या बांगड्या फुटल्यात. दौलत लगेच म्हणाला, बांगड्या काय, धुनं धुताना बी फुटत्यात. आता बिनबांगडीची बाई बसवलीय, दसऱ्याआधीपासून एक तक्रार न्हाई, इचारा तिला.

साहेब गोदाकडे वळले. गोदा स्टुलावर बसली होती, उजवा हात पदराखाली. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की सकाळीच पुन्हा फुटली आहे. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. खरंच म्हटलं, त्या क्षणी मला शालू दिसत होती.

गोदाने हात पदराबाहेर काढला. मनगटावर ओरखडा होता, ताजा, आणि त्यावर एकच बांगडी उरली होती. दुसऱ्या हाताने तिने पदराची गाठ सोडून काचा साच्यावर ठेवल्या, जिथे झाकणं ठेवतात तिथेच. "फुटली," ती म्हणाली. "आज सकालीबी फुटली. पाय पट्टीवर नव्हता."

सबंध शेडमध्ये तो शब्द असा उघड कुणी उच्चारला नव्हता. बायका दचकल्या. दौलतचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग त्याला वाट सापडली. तो साहेबांना म्हणाला, साहेब, ही विधवा बाई हाय. हिच्या हातात बांगडी कशी आली ते आधी इचारा. कुणासाठी भरलीय, ते इचारा.

साहेब ओशाळले. असलं काही ते विचारणार नव्हते. पण दौलतने सगळ्यांसमोर विचारलंच होतं, आणि सगळ्या बायका गोदाकडे बघत होत्या, आणि त्यांनाही तेच विचारायचं होतं.

"हातासाठी," गोदा म्हणाली.

मग सगुणा पुढे आली. ती रडत होती. माझीपन, म्हणाली, श्रावनान. नवऱ्याचं नाव न घेता तिने त्याला हात जोडले आणि पुन्हा म्हणाली, फुटली. मग दुसरी बोलली, मग मागून कुणीतरी. एकीने उंबराखालून ओंजळभर काचा आणून साहेबांच्या बुटांपाशी ठेवल्या. दौलत म्हणाला, ते देवीचं आहे. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

गुप्तेसाहेबांनी मॅनेजरला सांगितलं, प्रेस रिकामा चालू ठेवा, जवळ कुणी जाऊ नका, आणि मला एक खुर्ची द्या. दौलत पट्टीपासून दूर झाला; ठोकळा वरच राहिला, सासू गोड वागली. मॅनेजरसाहेब म्हणाले, ऑफिसात बसू, चहा सांगितलाय. साहेब म्हणाले, चहा इथेच आणा. ते खुर्चीवर बसून राहिले, ठोकळ्याकडे बघत. चहावर साय धरली. मॅनेजरसाहेब या पायावरून त्या पायावर होत राहिले, आणि मला वाटायला लागलं, आजच ही मेली शहाणी होणार. मी गोदाचा हात धरला.

पाहुणा मुक्कामाला राहिला की कुठल्याही सासूचा गोडवा संपतो. पट्टीजवळ कुणी नव्हतं. ठोकळा घसरला. बोटभरच. जरा थांबला. आणि मग असा कोसळला की साच्यावरच्या गोदाच्या काचांचं पीठ झालं.

साहेब उठले. त्यांनी चष्मा पुसला आणि मॅनेजरला सांगितलं की हा प्रेस आत्ता, या मिनिटाला बंद. ब्रेक नवा बसेल, पुढे जाळी बसेल, मी येऊन बघेन, तोवर हात लावायचा नाही. जाताना ते गोदाजवळ थांबले. त्यांनी तिला नमस्कार केला आणि गेले. दौलतने सासूचा हार काढून कुठे टाकला ते मी बघितलं नाही.

बोटं वाचली. आता घर उरलं होतं.

गोदा माझ्याबरोबर पूल ओलांडत होती. ती उरलेली बांगडी तिने काढली नव्हती. मी म्हटलं, काढ, अजून वेळ आहे. ती म्हणाली, आता काय लपवाचा? तिचं बरोबर होतं. आमच्या आधी निघालेल्या बायका आमच्या आधी कळव्यात पोहोचल्या होत्या.

आमची म्हातारी, रखमाबाई, ओट्यावर बसली होती. शालू तिच्या मांडीवर, तिचा हात पोरीच्या पोटाभोवती घट्ट. ते बघून मी अंगणातच थांबले. मी मनात सगळं रचून ठेवलं होतं, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. पण मी तोंड उघडायच्या आत गोदा पुढे गेली आणि ओट्याच्या पायरीखाली उभी राहिली.

"हात दाव," म्हातारी म्हणाली.

गोदाने उजवा हात पुढे केला. म्हातारीने तो हातात घेतला. मिठाने चिरा पडलेल्या आपल्या बोटांनी तिने गोदाचं एकेक बोट चाचपलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, बाजारात भेंडी बघावी तसं. पडलेल्या नखापाशी थांबली. तिथे अंगठा फिरवला. खलबत्ता का, तिने विचारलं. गोदाने मान हलवली, नाही. मग डावा हात मागितला, तोही तसाच बघितला. बांगडीला तिने बोट लावलं नाही.

शेवटी तिने मांडीवरची शालू उचलून गोदाच्या हातात दिली.

"घरान येताना काहाडत जा," ती म्हणाली, आणि उठून आत चुलीकडे गेली.

गोदा पोरीला घेऊन तिथेच पायरीवर बसली आणि इतकी रडली की शालू घाबरली. मीही रडले. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं आणि जे मिळायला हवं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. पण त्या संध्याकाळी मी हिशेब केला नाही.

सासूला नवा ब्रेक बसला, जाळी बसली. गोदा आता दुसऱ्या प्रेसवर बसते, त्याला अजून जाळी नाही. कान कोपऱ्यात लावायची सवय मला लागली ती सुटली नाही. आता सगळेच कोपरे ऐकावे लागतात. बायका मात्र काच उंबराखाली नेण्याआधी माझ्याकडे आणतात, आणि मी ती दौलतच्या वहीवर नेऊन ठेवते. रकाना त्याने अजून आखलेला नाही. काच ठेवली की तो उठून प्रेस बघायला येतो, एवढं झालंय.

आणि आमच्या ओट्याच्या बाहेरच्या कोनाड्यात, जिथे पूर्वी नुसती रॉकेलची चिमणी असायची, तिथे घासून गुळगुळीत केलेली एक करवंटी आली. गोदा संध्याकाळी पायरी चढण्याआधी बांगड्या काढून त्यात ठेवते आणि सकाळी जाताना हातात घालते. ती कुणी ठेवली ते आम्ही कुणी विचारलं नाही. म्हातारी रोज सारवताना ती उचलते, खालची जागा पुसते आणि आतल्या बांगड्या वाजू न देता परत तिथेच ठेवते.